अंक वगळून लहानात लहान संख्या: स्ट्रिंगवरील ग्रीडी अल्गोरिदम

या पाठाची उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर विद्यार्थ्याला पुढील गोष्टी करता आल्या पाहिजेत:

१. दिलेल्या अंकांच्या स्ट्रिंगमधून ठरावीक संख्येने अंक वगळून लहानात लहान संख्या तयार करणे.
२. सुचलेला ग्रीडी नियम बरोबर आहे की नाही, हे प्रतिउदाहरणाने किंवा सिद्धतेने ठरवणे.
३. तोच नियम स्टॅक वापरून एका फेरीत राबवणे.
४. ग्रीडी पद्धत कोठे चालत नाही, हे ओळखणे.

पूर्वतयारी म्हणून अ‍ॅरे, स्टॅक, लूप आणि बिग-ओ चिन्हांकन यांची ओळख पुरेशी आहे.

१. प्रस्तावना

ग्रीडी म्हणजे हावरा. प्रत्येक टप्प्यावर त्या क्षणी सर्वांत चांगला दिसणारा पर्याय घ्यायचा आणि घेतलेला निर्णय पुन्हा कधीही बदलायचा नाही, अशा रीतीने चालणाऱ्या अल्गोरिदमला ग्रीडी अल्गोरिदम म्हणतात. असे अल्गोरिदम लिहायला सोपे असतात आणि वेगाने चालतात, म्हणून विद्यार्थ्यांना ते आवडतात. अडचण एवढीच की "चांगला दिसणारा" पर्याय कोणता, हे प्रत्येकाला वेगळे सुचते आणि सुचलेल्या नियमांपैकी बरेचसे चुकीचे असतात. चुकीचा नियमही दोन-चार उदाहरणांवर बरोबर उत्तर देतो, आणि म्हणूनच तो जास्त फसवतो.

या पाठात आपण एकच समस्या घेणार आहोत. तिच्यासाठी आधी दोन चुकीचे नियम तपासू, मग बरोबर नियम शोधू आणि तो बरोबर का आहे हे सिद्ध करू. प्रोग्राम त्यानंतर येईल.

२. समस्या

अंकांची एक स्ट्रिंग दिली आहे. तिची लांबी ल आहे. त्याशिवाय एक पूर्णांक क दिला आहे, जो ० ते ल यांच्या दरम्यान आहे. स्ट्रिंगमधून नेमके क अंक वगळायचे आहेत. उरलेल्या अंकांचा क्रम बदलायचा नाही. उरणारी संख्या शक्य तितकी लहान हवी.

उदाहरण: स्ट्रिंग "५२७३१८४", क = ३. येथे सातपैकी चार अंक उरतील. उत्तर "२१८४" आहे. ते कसे मिळाले, ते पुढे पाहू.

संख्या दिली असताना तिला स्ट्रिंग का मानायचे, असा प्रश्न पडू शकतो. याची दोन कारणे आहेत. पहिले म्हणजे, अंकांची संख्या एक लाखही असू शकते, तर ६४ बिटांच्या चिन्हयुक्त पूर्णांकात मावणारी सर्वांत मोठी संख्या ९२२३३७२०३६८५४७७५८०७ ही फक्त १९ अंकी आहे. दुसरे म्हणजे, येथे बेरीज-वजाबाकी काहीच नाही, फक्त अंकांच्या जागांचा विचार आहे.

आणखी एक गोष्ट सुरुवातीलाच पक्की करून ठेवू. कोणतेही क अंक वगळले तरी उरणाऱ्या स्ट्रिंगची लांबी ल − क हीच असते. समान लांबीच्या दोन अंकस्ट्रिंगांमध्ये लहान कोणती हे ठरवताना डावीकडून पाहत जायचे. जेथे पहिल्यांदा फरक दिसेल तेथे ज्या स्ट्रिंगचा अंक लहान, ती संख्या लहान. पुढे काय आहे याने काहीही फरक पडत नाही. शब्दकोशात शब्द लावण्याचा क्रम हाच असतो, म्हणून याला कोशक्रम म्हणतात. या पाठातील प्रत्येक तुलना याच क्रमाने होणार आहे.

३. सर्व शक्यता तपासल्या तर?

सर्वांत सरळ उपाय म्हणजे क अंक निवडण्याच्या सर्व शक्यता तपासणे. ल = २० आणि क = १० असताना अशा १,८४,७५६ निवडी होतात. संगणकाला हे काम किरकोळ आहे. पण ल = ४० आणि क = २० केले की निवडींची संख्या १,३७,८४,६५,२८,८२० होते, म्हणजे तेरा हजार सातशे कोटींहून अधिक. लांबी दुप्पट झाली आणि काम सात लाख पटींनी वाढले. लाखभर अंकांसाठी हा मार्ग बंदच आहे. तरीही ही पद्धत टाकून देऊ नका. लहान स्ट्रिंगांवर उत्तर पडताळण्यासाठी तिचा उपयोग होतो, हे विभाग ९ मध्ये दिसेल.

४. पहिला नियम: सर्वांत मोठे अंक वगळा

वर्गात हा प्रश्न विचारला की बहुतेक वेळा पहिले उत्तर हेच येते: "सर, संख्या लहान हवी ना, मग मोठे अंक काढून टाकू." ऐकायला पटते. "१२९" मधून एक अंक वगळायचा असेल तर ९ वगळून १२ मिळतात आणि ते उत्तर बरोबरही आहे.

आता "३१९" घ्या, क = १. नियमाप्रमाणे ९ वगळला तर ३१ उरतात. पण ३ वगळला असता तर १९ उरले असते. १९ ही संख्या ३१ पेक्षा लहान आहे. नियम मोडला.

आपल्या मूळ उदाहरणातही हेच होते. "५२७३१८४" मधून ८, ७ आणि ५ वगळले तर "२३१४" मिळते, जी "२१८४" पेक्षा मोठी आहे.

चूक कोठे झाली? नियमाने अंकाची किंमत पाहिली, पण त्याची जागा पाहिली नाही. शेवटी असलेला ९ फारसे बिघडवत नाही, सुरुवातीचा ३ मात्र सगळी संख्या वर उचलतो. कोशक्रमात डावीकडची जागा आधी बोलते.

५. दुसरा नियम: उजव्या शेजाऱ्यापेक्षा मोठा अंक वगळत पुढे जा

पहिल्या चुकीतून शिकून दुसरा नियम सुचतो. डावीकडून सुरुवात करा. जो अंक आपल्या लगेच उजवीकडच्या अंकापेक्षा मोठा असेल तो वगळा, कारण तो गेल्यावर त्याच्या जागी लहान अंक येतो. असे करत पुढे जा. शेवटाला पोहोचल्यावर काही अंक वगळायचे राहिले असतील तर ते शेवटून वगळा.

"१४३२", क = २ वर हा नियम ४ आणि ३ वगळतो आणि १२ हे बरोबर उत्तर देतो.

आता "२३१५", क = २ पाहा. २ हा ३ पेक्षा लहान, म्हणून ठेवला. ३ हा १ पेक्षा मोठा, म्हणून वगळला. १ हा ५ पेक्षा लहान, म्हणून ठेवला. एक अंक वगळायचा राहिला, म्हणून शेवटचा ५ वगळला. उत्तर आले २१. पण बरोबर उत्तर १५ आहे.

हा नियम पहिल्यापेक्षा बराच जवळ आहे. चूक एवढीच की ३ वगळल्यानंतर २ चा शेजारी बदलला. आता २ च्या उजवीकडे १ आहे आणि २ हा १ पेक्षा मोठा आहे. पण आपण पुढे निघून गेलो होतो, मागे वळून पाहिले नाही. म्हणजे नियमाला एका दुरुस्तीची गरज आहे: एक अंक वगळला की मागे पाहा.

६. बरोबर नियम

स्ट्रिंग डावीकडून वाचताना जो अंक त्याच्या लगेच उजवीकडच्या अंकापेक्षा मोठा आहे, त्या जागी "उतार" आहे असे म्हणू. "२४७३६" मध्ये २, ४, ७ असे अंक चढत जातात आणि ७ नंतर ३ येतो, म्हणून पहिला उतार ७ वर आहे.

नियम: पहिला उतार शोधा आणि तेथला मोठा अंक वगळा. मिळालेल्या नव्या स्ट्रिंगमध्ये पुन्हा सुरुवातीपासून पहिला उतार शोधा. असे क वेळा करा. उतारच नसेल तर शेवटचा अंक वगळा.

"२३१५" वर: पहिला उतार ३ वर, तो वगळून "२१५". आता पहिला उतार २ वर, तो वगळून "१५". उत्तर बरोबर आले.

येथे थांबावेसे वाटते. पण पहिल्या दोन नियमांनीही काही उदाहरणांवर बरोबर उत्तर दिलेच होते. मग या तिसऱ्या नियमावर विश्वास का ठेवायचा? उदाहरणे कितीही घेतली तरी ती या प्रश्नाचे उत्तर देत नाहीत. त्यासाठी सिद्धता लागते.

७. सिद्धता

ग्रीडी अल्गोरिदमसाठी जी सिद्धता वारंवार वापरली जाते तिला अदलाबदलीची सिद्धता म्हणता येईल. तिची कल्पना अशी: कोणीतरी आपल्यासमोर एखादे उत्तर आणून ठेवले. त्याने आपला नियम पाळलेला नाही. तर त्याच्या निवडींपैकी एक निवड काढून तिच्या जागी आपल्या नियमाची निवड ठेवायची आणि दाखवायचे की उत्तर बिघडत नाही. प्रत्येक उत्तराबाबत हे करता आले, तर आपल्या नियमाने सुरुवात केल्यास काहीही गमावले जात नाही, हे सिद्ध होते.

समजा पहिला उतार उ या जागेवर आहे. म्हणजे जागा १ पासून जागा उ पर्यंत अंक उतरत नाहीत, समान राहतात किंवा चढतात. आणि जागा उ वरचा अंक जागा उ + १ वरच्या अंकापेक्षा मोठा आहे. कोणीतरी क अंक वगळले आहेत, पण त्यात जागा उ वरचा अंक नाही. दोन शक्यता आहेत.

पहिली शक्यता: त्याने उ च्या डावीकडचा निदान एक अंक वगळला आहे. अशा अंकांपैकी उ च्या सर्वांत जवळचा अंक घ्या, त्याची जागा ज म्हणू. ज आणि उ यांच्या मधले सगळे अंक त्याने ठेवलेले आहेत. आता अदलाबदल करा: ज वरचा अंक परत घ्या आणि उ वरचा वगळा. आधी उत्तराच्या त्या भागात जागा ज + १ ते उ यांवरचे अंक होते. आता तेथे जागा ज ते उ − १ यांवरचे अंक आले. हा सगळा पट्टा उतार नसलेला आहे, म्हणून प्रत्येक ठिकाणी आलेला अंक आधीच्या अंकाइतकाच किंवा त्याहून लहान आहे. बाकीचे उत्तर जसेच्या तसे राहिले. म्हणजे उत्तर मोठे झाले नाही.

उदाहरणार्थ "२४७३६", क = १. कोणी २ वगळून "४७३६" केले. अदलाबदल करून ७ वगळला की "२४३६" होते.

दुसरी शक्यता: त्याने वगळलेले सगळे अंक उ च्या उजवीकडचे आहेत. म्हणजे पहिले उ अंक त्याने ठेवले. त्याच्या वगळलेल्या अंकांमध्ये जागा उ + १ वरचा अंक असेल तर तो परत घ्या. नसेल तर वगळलेल्यांपैकी कोणताही एक परत घ्या. त्याच्या बदल्यात उ वरचा अंक वगळा. आता उत्तरातील पहिले उ − १ अंक पूर्वीचेच आहेत. पण उ या जागी पूर्वी मोठा अंक होता, तेथे आता जागा उ + १ वरचा लहान अंक आला. कोशक्रमात येथेच निकाल लागला. पुढे काहीही असले तरी नवे उत्तर नक्कीच लहान आहे. म्हणजे समोरच्याचे उत्तर इष्टतम नव्हतेच.

दोन्ही शक्यतांतून एकच निष्कर्ष निघतो: पहिल्या उतारावरचा अंक वगळणारे एक तरी इष्टतम उत्तर असतेच. तो अंक वगळला की ल − १ लांबीची स्ट्रिंग आणि क − १ अंक वगळण्याचे काम उरते. ही तीच समस्या आहे, फक्त लहान. तिलाही हाच युक्तिवाद लागू होतो, आणि असे उतरत उतरत क शून्यावर येतो.

उतारच नसेल तर? तेव्हा सगळे अंक चढत्या किंवा समान क्रमात आहेत. अशा स्ट्रिंगमधून काहीही निवडले तरी निवडीतला पहिला अंक मूळच्या पहिल्यापेक्षा लहान असू शकत नाही, दुसरा मूळच्या दुसऱ्यापेक्षा लहान असू शकत नाही, आणि तसेच पुढे. म्हणून पहिले ल − क अंक ठेवणे, म्हणजेच शेवटचे क वगळणे, हेच सर्वांत चांगले. सिद्धता पूर्ण झाली.

८. स्टॅकने एका फेरीत

नियम बरोबर आहे, पण दर वेळी सुरुवातीपासून उतार शोधणे महाग आहे. प्रत्येक शोधाला जास्तीत जास्त ल पावले लागतात आणि असे क शोध घ्यायचे आहेत, म्हणून एकूण काम ओ(ल × क). ल = १,००,००० आणि क = ५०,००० असेल तर ही वरची मर्यादा ५०० कोटी पावलांवर जाते.

पण सुरुवातीपासून शोधण्याची गरजच नाही. पहिल्या उताराच्या डावीकडचा भाग आपण पाहिलेला आहे आणि त्यात उतार नाही. एक अंक वगळल्यावर नवा उतार तयार झालाच तर तो त्याच सांध्यावर होईल, म्हणजे वगळलेल्या अंकाच्या डावीकडचा अंक आणि उजवीकडचा अंक यांच्यामध्ये. म्हणून मागे फक्त एक पाऊल पाहायचे, गरज पडली तर आणखी एक. शेवटी ठेवलेला अंक आधी काढायचा, ही तर स्टॅकचीच रीत.

स्यूडोकोड:

लहान_संख्या(अंक, क):
    ल ← अंक या स्ट्रिंगची लांबी
    राखायचे ← ल − क
    स्टॅक ← रिकामा
    अंक मधील प्रत्येक अ साठी, डावीकडून उजवीकडे:
        जोपर्यंत क > ० आणि स्टॅक रिकामा नाही आणि स्टॅकचा माथा > अ:
            स्टॅकचा माथा काढा
            क ← क − १
        अ स्टॅकवर ठेवा
    उत्तर ← स्टॅकच्या तळाकडून पहिले "राखायचे" इतके अंक
    उत्तराच्या सुरुवातीची शून्ये काढा
    उत्तर रिकामे असेल तर "०" परत करा
    नसेल तर उत्तर परत करा

आता "५२७३१८४", क = ३ यावर हाताने चालवून पाहू.

अंक ५: स्टॅक रिकामा, ठेवला. स्टॅक: ५. क = ३.
अंक २: माथा ५ मोठा, काढला. २ ठेवला. स्टॅक: २. क = २.
अंक ७: माथा २ लहान. ठेवला. स्टॅक: २ ७. क = २.
अंक ३: माथा ७ मोठा, काढला. पुढचा माथा २ लहान. ३ ठेवला. स्टॅक: २ ३. क = १.
अंक १: माथा ३ मोठा, काढला. क शून्य झाला. पुढचा माथा २ हा १ पेक्षा मोठा आहे, पण वगळण्याचा कोटा संपला. १ ठेवला. स्टॅक: २ १. क = ०.
अंक ८: ठेवला. स्टॅक: २ १ ८.
अंक ४: माथा ८ मोठा आहे, पण क = ०. ठेवला. स्टॅक: २ १ ८ ४.

उत्तर "२१८४". जोपर्यंत क शिल्लक आहे तोपर्यंत स्टॅकमधले अंक तळापासून माथ्याकडे कधीच उतरत नाहीत, हे वरच्या प्रत्येक ओळीत पडताळून पाहा. सिद्धतेतला "उतार नसलेला पट्टा" तो हाच.

या उत्तराची कागदावर वेगळ्या वाटेने खात्रीही करता येते. क = ३ असल्याने उत्तराचा पहिला अंक मूळ स्ट्रिंगच्या पहिल्या चारांमधूनच येऊ शकतो; त्याच्याही पुढचा घ्यायचा तर तीनपेक्षा जास्त अंक वगळावे लागतील. ५, २, ७, ३ यांत सर्वांत लहान २. तो घेताना ५ गेला, दोन वगळणे बाकी. दुसरा अंक पुढच्या तिघांतून, म्हणजे ७, ३, १ यांतून. सर्वांत लहान १. कोटा संपला, उरलेले ८ आणि ४ जसेच्या तसे. पुन्हा "२१८४".

वेळेचा हिशेब: बाहेरच्या लूपच्या आत आणखी एक लूप आहे, म्हणून काम ओ(ल × ल) असेल असे अनेकजण उत्तरपत्रिकेत लिहितात. ते बरोबर नाही. प्रत्येक अंक स्टॅकवर एकदाच ठेवला जातो आणि जास्तीत जास्त एकदाच काढला जातो. एखाद्या फेरीत आतला लूप दहा वेळा फिरला, तर ते दहा अंक कायमचे गेले. पुढच्या फेऱ्यांत त्यांच्यावर पुन्हा काम होणार नाही. म्हणून सर्व फेऱ्या मिळून ठेवणे आणि काढणे यांची एकूण संख्या २ × ल पेक्षा जास्त होत नाही. वेळ ओ(ल), जागाही ओ(ल). एक लाख अंकांसाठी जास्तीत जास्त दोन लाख स्टॅकक्रिया.

९. वारंवार होणाऱ्या चुका

अ) "मोठा" ऐवजी "मोठा किंवा समान" तपासणे. "११२", क = १ घ्या. समान असतानाही माथा काढला तर दुसऱ्या १ साठी पहिला १ जातो, कोटा संपतो आणि उत्तर १२ येते. बरोबर उत्तर ११. समान अंक वगळून त्या जागी काहीच सुधारत नाही, कोटा मात्र खर्च होतो.

आ) शेवटी उरलेला कोटा विसरणे. "१२३४५", क = २ मध्ये उतारच नाही, त्यामुळे स्टॅकमध्ये पाचही अंक राहतात. उत्तर १२३ यायला हवे. म्हणूनच स्यूडोकोडमध्ये फक्त पहिले "राखायचे" इतके अंक घेतले आहेत.

इ) "राखायचे" ची किंमत शेवटी काढणे. लूप चालताना क कमी होत जातो. ल − क ही वजाबाकी लूपनंतर केली तर चुकीची लांबी मिळते. ती सुरुवातीलाच करून ठेवा.

ई) सुरुवातीची शून्ये. "१०२००", क = १ मध्ये १ वगळल्यावर "०२००" उरते. संख्या म्हणून ती २०० आहे. शून्ये शेवटीच काढा, मध्ये काढू नका. मध्ये काढली तर लांबीचा हिशेब चुकतो. सगळे अंक वगळले गेले किंवा फक्त शून्येच उरली, तर उत्तर "०" द्या, रिकामी स्ट्रिंग नको.

उ) स्ट्रिंगमधूनच अंक खोडत जाणे. पायथॉन आणि जावा या भाषांत स्ट्रिंग एकदा तयार झाली की बदलता येत नाही. एक अंक "खोडला" म्हणजे प्रत्यक्षात बाकीच्या सर्व अंकांची नवी प्रत तयार होते. लाख अंकांच्या स्ट्रिंगवर हे हजारो वेळा केले तर स्टॅकने वाचवलेला वेळ पुन्हा खर्च होतो. पायथॉनमध्ये लिस्ट वापरा आणि शेवटी एकदाच जोडा. जावामध्ये स्ट्रिंगबिल्डर वापरा.

ऊ) देवनागरी आणि रोमन अंकांची सरमिसळ. युनिकोडमध्ये ० ते ९ हे देवनागरी अंक ओळीने लागोपाठ आहेत, म्हणून त्यांची आपसांत तुलना बरोबर होते. पण रोमन अंकांचे संकेतांक त्यांच्यापेक्षा लहान आहेत. इनपुटमध्ये दोन्ही मिसळले असतील तर रोमन नऊ हा देवनागरी शून्यापेक्षाही लहान ठरेल. अशा वेळी तुलनेआधी सर्व अंक एकाच लिपीत आणा.

या चुका शोधण्याचा एक भरवशाचा उपाय सांगतो. १, २, ३ एवढेच अंक वापरून चार लांबीच्या सर्व स्ट्रिंगा तयार करा. त्या ८१ होतात. प्रत्येकीसाठी क = १, २, ३ घ्या, म्हणजे २४३ चाचण्या. प्रत्येक चाचणीत तुमच्या प्रोग्रामचे उत्तर आणि सर्व शक्यता तपासणाऱ्या विभाग ३ मधल्या पद्धतीचे उत्तर यांची तुलना करा. विभाग ४ आणि ५ मधले दोन्ही चुकीचे नियम या चाचणीत पकडले जातात. अशी चाचणी नियम बरोबर असल्याचे सिद्ध करत नाही, पण चूक असेल तर ती बहुधा परीक्षकाच्या आधी तुम्हाला सापडते.

१०. ग्रीडी जेथे चालत नाही

आता स्ट्रिंगचीच दुसरी समस्या पाहा. जोडून लिहिलेला शब्द दिला आहे आणि शब्दांची यादी दिली आहे. दिलेला शब्द यादीतल्या शब्दांत पूर्णपणे तोडायचा आहे. सुचणारा ग्रीडी नियम: डावीकडून सुरू करा आणि यादीत जुळणारा सर्वांत लांब तुकडा घ्या.

यादी: नव, नवरा, रात्र. शब्द: नवरात्र. नियमाप्रमाणे सर्वांत लांब जुळणारा तुकडा "नवरा". तो घेतला की "त्र" उरतो, आणि तो यादीत नाही. नियम अडकला. बरोबर तोड नव + रात्र अशी आहे.

मग सर्वांत आखूड तुकडा घ्यावा का? यादीत "घर" आणि "घरटे" हे दोन शब्द असतील आणि दिलेला शब्द "घरटे" असेल, तर आखूड नियम "घर" घेतो आणि "टे" उरतो. तोही नियम अडकला.

येथे अदलाबदलीची सिद्धता का लागू होत नाही? अंकांच्या समस्येत आपण एका अंकाऐवजी दुसरा वगळला, तरी वगळण्याचा कोटा तेवढाच राहिला आणि उरलेले काम कधीही अशक्य झाले नाही. शब्दांच्या समस्येत पहिली तोड बदलली की उरणारी स्ट्रिंगच बदलते, आणि ती पुढे तुटेल की नाही हे आधी कळत नाही. म्हणून येथे डायनॅमिक प्रोग्रॅमिंग वापरतात: प्रत्येक जागेसाठी "येथपर्यंतचा भाग यादीतल्या शब्दांत तुटतो का" याचे उत्तर साठवत जायचे आणि पुढच्या जागांसाठी ते वापरायचे.

जाता जाता एक सूचना. "नवरात्र" डोळ्यांना चार अक्षरांचा दिसतो, पण युनिकोडमध्ये तो सात संकेतांकांचा आहे, कारण काना आणि हलन्त यांचे संकेतांक वेगळे असतात. मराठी शब्दांवर स्ट्रिंगक्रिया करताना संकेतांक मोजायचे की अक्षरे, हे आधी ठरवा; नाहीतर तोडताना एखादा काना एकटाच उरेल.

११. सारांश

समान लांबीच्या स्ट्रिंगांत डावीकडचा पहिला फरक निकाल लावतो. त्यामुळे पहिल्या उतारावरचा अंक वगळणे हा या समस्येसाठी बरोबर ग्रीडी नियम आहे. त्याची खात्री अदलाबदलीच्या सिद्धतेने मिळते आणि स्टॅक तो नियम ओ(ल) वेळेत राबवतो. नवा ग्रीडी नियम सुचला की दोन प्रश्न विचारण्याची सवय लावा: याला मोडणारे छोटे उदाहरण सापडते का? न सापडल्यास, दुसऱ्याच्या उत्तरात माझी निवड घालून पाहिली तर त्याचे उत्तर बिघडते का? पहिल्या प्रश्नाला पाच मिनिटे द्या, दुसऱ्याला पंधरा. प्रोग्राम लिहून झाल्यावर चूक शोधण्यात जाणाऱ्या वेळेपेक्षा हा वेळ कमीच असतो.

१२. सराव

१. "७६५४३", क = २ यासाठी स्टॅकची प्रत्येक पायरी लिहा.
२. "१००४५", क = २ यासाठी उत्तर काढा. शून्ये कोणत्या टप्प्यावर काढली ते नमूद करा.
३. लहानात लहान ऐवजी मोठ्यात मोठी संख्या हवी असेल तर स्यूडोकोडमधील कोणते एक चिन्ह बदलावे लागेल? "४१७३", क = २ वर पडताळा.
४. मोठ्यात मोठ्या संख्येसाठी एका विद्यार्थ्याने "सर्वांत लहान क अंक वगळा" असा नियम सुचवला. तीन अंकांचे प्रतिउदाहरण द्या.
५. विभाग ७ मधील सिद्धतेच्या पहिल्या शक्यतेत उ च्या सर्वांत जवळचा वगळलेला अंकच का निवडला? दूरचा निवडला असता तर युक्तिवादात काय अडले असते?

उत्तरे: १) ५४३. २) ४, स्टॅकमधून पहिले तीन अंक "००४" घेतल्यानंतर शून्ये काढली. ३) माथ्याची तुलना उलट करावी, म्हणजे माथा < अ, उत्तर ७३. ४) "३९१", क = १: नियमाने ३९ मिळतात, बरोबर उत्तर ९१. ५) सूचना: दूरचा अंक आणि उ यांच्या मध्ये आणखी वगळलेले अंक असतील, तर त्या पट्ट्यातला कोणता अंक सरकून कोणत्या जागी आला, ते एका उदाहरणावर लिहून पाहा.